जनुकीय समुपदेशनाचे पदव्युत्तर प्रशिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, त्यांचे पालक आणि आमच्या विद्यार्थ्यांना आपल्या ओपीडीत बसू देणारे डॉक्टर यांच्याकडून जे प्रश्न वर्षभर येत राहतात, ते येथे एकत्र केले आहेत.

१. जनुकीय समुपदेशक म्हणजे डॉक्टरच ना? मग वेगळी पदवी कशासाठी?

वैद्यकीय जनुकतज्ज्ञ हा एमबीबीएस, एमडी आणि त्यानंतर मेडिकल जेनेटिक्समधील डीएम अशा वाटेने आलेला डॉक्टर असतो. रुग्णाला तपासणे, निदान करणे आणि उपचार ठरवणे ही त्याची कामे. समुपदेशक निदानाच्या आधी घराण्याची माहिती गोळा करतो, कोणती चाचणी कशासाठी आहे आणि तिच्यातून काय कळणार नाही हे समजावून सांगतो, आणि निदानानंतर ते कुटुंब त्या माहितीचे काय करणार याचा विचार त्यांच्यासोबत बसून करतो. अमेरिकेतील नॅशनल सोसायटी ऑफ जेनेटिक काउन्सेलर्स या संघटनेने २००६ मध्ये केलेल्या व्याख्येत आजाराचे वैद्यकीय, मानसिक आणि कौटुंबिक परिणाम ‘समजून घेणे’ आणि त्यांच्याशी ‘जुळवून घेणे’ अशी दोन्ही क्रियापदे आहेत. पहिल्यासाठी जनुकशास्त्र येणे पुरेसे असते. दुसऱ्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागते, आणि पदवी वेगळी असण्याचे कारण तेच आहे.

२. हा अभ्यासक्रम प्रथम कोठे सुरू झाला?

‘जेनेटिक काउन्सेलिंग’ हा शब्दप्रयोग मिनेसोटा विद्यापीठातील शेल्डन रीड यांनी १९४७ मध्ये रूढ केला. पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र १९६९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील सारा लॉरेन्स कॉलेजात मेलिसा रिक्टर यांच्या पुढाकाराने सुरू झाला आणि पहिली तुकडी १९७१ मध्ये बाहेर पडली. शिक्षण अर्धवट सोडून संसारात रमलेल्या आणि पुन्हा शिकू पाहणाऱ्या स्त्रियांसाठी रिक्टर काम करीत होत्या. या व्यवसायात आजही स्त्रियांची संख्या फार मोठी आहे, त्याचे एक मूळ येथे सापडते.

३. कोणत्या शाखेच्या पदवीधरांना प्रवेश मिळतो?

जीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, सूक्ष्मजीवशास्त्र, नर्सिंग, एमबीबीएस आणि काही ठिकाणी मानसशास्त्र या शाखांतून विद्यार्थी येतात. नेमक्या अटी संस्थेगणिक बदलतात, त्यामुळे त्या त्या विद्यापीठाचे माहितीपत्रक पाहावे. मुलाखतीत गुणपत्रिकेपेक्षा आमचे लक्ष दुसरीकडे असते. अपंग मुलांच्या शाळेत, रक्तपेढीत, हेल्पलाइनवर किंवा घरातील आजारी माणसाजवळ उमेदवाराने काही काळ काढला आहे का, आणि त्याविषयी बोलताना तो स्वतःच्या उपकारांचे वर्णन करतो की समोरच्या माणसाचे, एवढे ऐकले की बराच अंदाज येतो.

४. दोन वर्षांत नेमके काय शिकवतात?

मानवी जनुकशास्त्र, गुणसूत्रांचे विकार, चयापचयाचे आनुवंशिक आजार, कर्करोगाची आनुवंशिकता, गर्भावस्थेतील तपासण्या, संख्याशास्त्र, समुपदेशनाचे मानसशास्त्र, नीतिशास्त्र, कायदा आणि एक लघुप्रबंध, असा साधारण आराखडा जगभर दिसतो. यातील विषयज्ञान हुशार विद्यार्थी पुस्तकातूनही मिळवू शकतो. खरे प्रशिक्षण खोलीत, रुग्णासमोर, मार्गदर्शक शेजारी बसलेला असताना होते. म्हणून संस्था निवडताना ग्रंथालयाची चौकशी करण्याआधी तेथे कोणत्या ओपीडी उपलब्ध आहेत आणि मार्गदर्शक प्रत्यक्ष किती वेळ शेजारी बसतात, हे विचारावे.

५. ‘पन्नास केसेस’ हे काय प्रकरण आहे?

अमेरिका आणि कॅनडातील अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अ‍ॅक्रिडिटेशन कौन्सिलने किमान ५० अशा केसेसची अट घातली आहे, ज्यांत विद्यार्थ्याने स्वतः भाग घेतला आहे. कोपऱ्यात बसून ऐकलेली केस त्यांत धरली जात नाही. विद्यार्थ्याने इतिहास घेतला असला पाहिजे, धोक्याचे मूल्यांकन केले असले पाहिजे किंवा समुपदेशनाचा ठरावीक भाग स्वतः सांभाळला असला पाहिजे. भारतातील संस्थांवर हा आकडा बंधनकारक नसला, तरी आम्ही तो किमान मानतो.

नोंदवहीत आजाराचे नाव लिहून केस पूर्ण होत नाही. प्रत्येक नोंदीखाली ‘मी कोठे बोलण्याची घाई केली’ आणि ‘समोरच्याने विषय कोठे बदलला’ या दोन ओळी आम्ही सक्तीने लिहून घेतो. पहिल्या महिन्यात या ओळी कोऱ्या असतात आणि दुसऱ्या वर्षी पानाची मागची बाजू भरते.

६. वंशावळ काढायला चौकोन आणि वर्तुळेच काढायची असतात. त्याला पूर्ण सत्र कशाला?

पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, बाधित व्यक्तीचे चिन्ह भरलेले, ज्याच्यापासून चौकशी सुरू झाली त्याला बाण आणि नात्यातील विवाहाला दुहेरी रेघ, ही चिन्हे एका तासात पाठ होतात. सत्र जाते ते प्रश्न विचारण्यात.

मराठी येथे मोठी मदत करते. इंग्रजीत ‘कझिन’ म्हटले की पुढे तीन प्रश्न विचारावे लागतात. मराठीत ‘आतेभाऊ’ म्हटल्याबरोबर वडिलांच्या बहिणीचा मुलगा कागदावर आपल्या जागी येऊन बसतो. मात्र ‘चुलत’ हा शब्द सैल वापरला जातो, आणि गावाकडे ‘भाऊ’ म्हणजे सख्खाच असेल याची खात्री नसते. म्हणून ‘तुमचे आणि त्यांचे आजोबा एकच का?’ असे विचारून घ्यावे.

नात्यातील लग्नाच्या प्रश्नावर तर नवखा विद्यार्थी हमखास फसतो. ‘तुमचे लग्न नात्यात झाले आहे का?’ याला ‘नाही’ असे उत्तर मिळते आणि दहा मिनिटांनी कळते की पत्नी मामाची मुलगी आहे. कोणी काही लपवलेले नसते. आडनाव वेगळे आणि कूळ वेगळे, म्हणून ते ‘रक्ताचे नाते’ असे त्यांच्या लेखी नसतेच. मामेबहीण ही चुलतबहिणीइतकीच जवळची असते आणि अशा जोडप्याच्या अपत्यात एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता १६ पैकी १ असते. दक्षिणेकडील मामा-भाचीच्या विवाहात ती ८ पैकी १ होते. म्हणून ‘लग्नाआधी तुम्ही एकमेकांना काय म्हणत होतात?’ असे विचारायला आम्ही शिकवतो. उत्तर मिळाल्यावर चेहऱ्यावर नापसंती उमटू न देणे हाही धड्याचाच भाग आहे, कारण सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या विवाहात अपत्यातील गंभीर विकाराचा धोका सर्वसाधारण धोक्यापेक्षा साधारण २ ते ३ टक्क्यांनीच वाढतो आणि अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगी असतात.

आणखी एक चूक कर्करोगाच्या केसमध्ये होते. स्तनाच्या कर्करोगासाठी आईकडच्या बायकांची चौकशी होते आणि आत्या विसरली जाते. बीआरसीए जनुकातील बदल वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येतो.

७. आता थेट डीएनए तपासता येतो. मग धोक्याचे गणित हाताने करायला का लावता?

कारण ज्याचा डीएनए हवा तो माणूस अनेकदा हयात नसतो. एक नेहमीचे उदाहरण घ्या. डुशेन या, बहुधा वाहक आईकडून मुलग्यांत उतरणाऱ्या, स्नायुविकाराने एका स्त्रीचा भाऊ आणि मामा दोघेही दगावले आहेत. त्यांचे नमुने कोणी ठेवले नाहीत. तिची आई निश्चित वाहक (स्वतः निरोगी, पण जनुकातील बदल अपत्याला देऊ शकणारी) होती, म्हणून ती स्वतः वाहक असण्याची शक्यता प्रथमदर्शनी निम्मी. आता तिला तीन मुलगे आहेत आणि तिघेही मोठे होऊन निरोगी आहेत. ती वाहक असती तर तिन्ही मुलगे निरोगी असण्याची शक्यता ८ पैकी १ होती. वाहक नसती तर ते निरोगीच असते. दोन्ही बाजू जुळवल्या की १/१६ आणि ८/१६ असे प्रमाण मिळते, म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता ९ पैकी १ उरते. निम्म्यावरून अकरा टक्क्यांवर आलेला हा आकडा तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यापर्यंत पोचतो.

दुसरे उदाहरण थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या निरोगी बहिणीचे. ती वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे, असे परीक्षेत निम्मा वर्ग लिहितो. ती आजारी नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे. आईवडील दोघेही वाहक असल्याने अपत्याच्या चार शक्यतांपैकी आजाराची एक बाद होते आणि उरलेल्या तीनपैकी दोन वाहकाच्या असतात. तेव्हा उत्तर दोन-तृतीयांश आहे.

८. अभ्यासक्रम इंग्रजीत आणि रुग्ण मराठीत. हे कसे जमवता?

या पानावर सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच आहे, आणि आमच्या मते प्रशिक्षणाचा कस येथेच लागतो. पारिभाषिक शब्दकोशातील शब्द पाठ करून काम भागत नाही. ‘वाहक’ हा शब्द बरोबर आहे, पण ज्याने तो आयुष्यभर एसटीच्या दारावर वाचला त्याला प्रथम कंडक्टरच आठवतो. विदर्भात सिकलसेलच्या कामामुळे लोक ‘एएस पॅटर्न’ (वाहक) आणि ‘एसएस पॅटर्न’ (आजारग्रस्त) असे सहज म्हणतात, तर तेथे तेच शब्द वापरावेत. ‘सदोष जनुक’ म्हणू नये. मराठीत दोष म्हटला की तो कोणाचा हे विचारले जाते आणि बहुतेक वेळा उत्तर सुनेच्या दिशेने जाते. ‘जनुकातील बदल’ म्हणावे. ‘पॉझिटिव्ह’ आणि ‘निगेटिव्ह’ हे शब्द रिपोर्टवर छापलेले असले, तरी त्यांचा अर्थ लगेच वाक्यात सांगावा, कारण ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट असे समजून रडणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. गर्भवतीच्या रक्तावरील एनआयपीटी ही ‘चाळणी’ आहे आणि गर्भजलाची तपासणी हे ‘निदान’ आहे, हा फरक मात्र या दोन साध्या शब्दांनी चांगला कळतो.

टक्केवारीचे काय करायचे? ‘दर वेळी २५ टक्के धोका’ असे सांगितल्यावर ‘मग आमचे एक झाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हे उत्तर दर वर्षी कोणत्या ना कोणत्या विद्यार्थ्याला ऐकावे लागते. त्यासाठी चार चिठ्ठ्या आणि एक डबा पुरतो. एका चिठ्ठीवर खूण करायची, चिठ्ठी काढायला सांगायचे आणि पुढच्या गरोदरपणाविषयी बोलण्याआधी ती परत डब्यात टाकायला लावायची. परत टाकण्याची ती कृती शब्दांपेक्षा जास्त सांगते, मात्र विद्यार्थ्याने त्या वेळी बोलणे थांबवले पाहिजे.

९. ‘तुमची बहीण असती तर तुम्ही काय सांगितले असते?’ असे रुग्णाने विचारले तर विद्यार्थ्याने काय म्हणावे?

पुस्तकातील उत्तर असे की समुपदेशक निर्णय लादत नाही. हे तत्त्व कार्ल रॉजर्स यांच्या मानसोपचारातील विचारातून आले आणि सुप्रजननवादाच्या, म्हणजे ‘उत्तम’ वंश घडवण्याच्या, नावाखाली झालेल्या सक्तीच्या इतिहासामुळे ते अधिक घट्ट धरले गेले. परंतु ‘निर्णय तुमचा’ एवढेच म्हणून विद्यार्थी मागे सरकला, तर समोरची बाई एकटी पडते. आपल्याकडे हा प्रश्न बहुधा सल्ला मागण्यासाठी विचारलेला नसतो. ‘मला कोणीतरी आपले मानून बोला’ असा त्याचा अर्थ असतो. म्हणून विद्यार्थ्याने म्हणावे, ‘बहीण असती तर मी तिला आधी विचारले असते की, ताई, तुला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते?’ आणि मग ऐकावे. जेथे वैद्यकीय शिफारस स्पष्ट आहे, उदाहरणार्थ आतड्याच्या आनुवंशिक कर्करोगात नियमित कोलोनोस्कोपी, तेथे मात्र तटस्थतेचे सोंग आणू नये. स्पष्ट शिफारस करावी.

सासूबाई किंवा पती प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत असतील, तर संमतीपूर्वी त्या स्त्रीशी दहा मिनिटे एकटीने बोलणे आमच्या विद्यार्थ्यांना बंधनकारक आहे.

१०. पीसीपीएनडीटी कायद्याचा विद्यार्थ्यांशी काय संबंध?

पूर्ण संबंध आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्य पातळीवर पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला; केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार गर्भाची आनुवंशिक तपासणी ठरावीक कारणांसाठीच करता येते, जसे वय ३५ च्या पुढे असणे, दोन किंवा अधिक गर्भपात आपोआप झालेले असणे किंवा घराण्यात आनुवंशिक आजार असणे. स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घ्यावी लागते आणि तिची प्रत तिला द्यावी लागते. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने किंवा अन्य कोणत्याही प्रकारे सांगण्यास मनाई आहे.

‘अन्य कोणत्याही प्रकारे’ या शब्दांवर आम्ही एक पूर्ण तास घेतो. हिमोफिलिया किंवा डुशेनसारख्या एक्स गुणसूत्राशी निगडित आजारात ‘गर्भ वाहक आहे’ असे म्हटले, की गर्भ मुलीचा आहे हे सांगितल्यासारखेच होते. अशा वेळी ‘बाळाला हा आजार होणार नाही’ किंवा ‘होणार आहे’ यापलीकडे जाऊ नये. वंशावळीत गर्भासाठी समभुज चौकोन, म्हणजे पत्त्यांतील चौकटचे चिन्ह काढावे. बोलताना मराठीचे नपुंसकलिंग कामी येते: ‘बाळ’ आणि ‘ते’. घाईत ‘तो’ निसटतो, आणि ऐकणाऱ्याचे कान त्यासाठीच टवकारलेले असतात.

११. पदवी मिळाल्यावर स्वतःचे समुपदेशन केंद्र काढता येते का?

गर्भावस्थेतील तपासण्यांशी संबंधित केंद्राची नोंदणी वरील कायद्याखाली करावी लागते आणि त्याच्या नियमांत पात्रता ठरवून दिली आहे: ठरावीक अनुभव किंवा प्रशिक्षण असलेले स्त्रीरोग वा बालरोगतज्ज्ञ, किंवा वैद्यकीय जनुकतज्ज्ञ. कायद्यातील या दुसऱ्या संज्ञेत जीवशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर या क्षेत्रातील किमान दोन वर्षांचा अनुभव असलेली व्यक्तीही येते. म्हणजे केवळ ताज्या पदवीवर पाटी लावता येईलच असे नाही. नोंदणीपूर्वी जिल्ह्यातील समुचित प्राधिकाऱ्यांकडे चौकशी करावी.

१२. भारतातील पदवीवर अमेरिकेत काम मिळेल का?

अमेरिकन बोर्डाची परीक्षा देण्यासाठी साधारणपणे तेथील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची पदवी लागते, त्यामुळे थेट नाही. तेथे शिकायचे असल्यास प्रवेश २०१८ पासून ‘मॅच’ पद्धतीने होतात. उमेदवार आणि संस्था आपापली पसंतीची यादी देतात आणि जुळणी संगणक करतो. भारतात बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग ही संस्था प्रमाणपत्र देते. ते ऐच्छिक आहे.

१३. नोकरी देणारी प्रयोगशाळाच असेल तर समुपदेशक तपासण्या खपवणारा होत नाही का?

होऊ शकतो. आपल्याकडे अनेक पदवीधरांची पहिली नोकरी खासगी प्रयोगशाळेत असते आणि अनेक जनुके एकदम तपासणारे मोठे पॅनेल विकण्याचा दबाव असतो. विद्यार्थ्यांना आम्ही एक व्यायाम देतो: एकाच रुग्णासाठी सर्वांत स्वस्त पुरेशी चाचणी कोणती, ते लिहा. भावंडात आजाराचा नेमका बदल आधीच सापडलेला असेल, तर त्या एका बदलाची चाचणी पुरते. पूर्ण एक्झोम, म्हणजे सर्व जनुकांच्या प्रथिने घडवणाऱ्या भागांची तपासणी, लागत नाही. हे उत्तर देता येणारा माणूस कोठेही बसला तरी बहुधा नीट बसतो.

१४. लहान मुलांची तपासणी करू नये असे शिकवता. मग सिकलसेल मोहिमेत मुलांचे रक्त का घेतात?

नियम असा आहे की प्रौढपणीच होणाऱ्या आणि बालपणी उपाय नसलेल्या आजारासाठी, जसे हंटिंग्टन हा मेंदूचा आजार, अल्पवयीनाची तपासणी करू नये. सज्ञान झाल्यावर जाणून घ्यायचे की नाही हे त्याने ठरवावे. बालपणीच उपयोग असेल तेथे नियम उलटतो. सिकलसेलग्रस्त बालकाला लवकर निदानाचा थेट फायदा होतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय अभियान म्हणूनच जन्मापासून ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची तपासणी करते. अडचण उरते ती वाहक मुलांची. त्यांना आज उपचार नको असतो, पण ‘एएस’ हा शिक्का, विशेषतः मुलीच्या बाबतीत, लग्नाच्या बाजारात आधी पोचतो. शिबिरात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आमची सूचना आहे की वर्गात नावे वाचून निकाल देऊ नयेत. पालकांना बोलावून, दोघांनाही एकत्र, बंद दाराआड द्यावेत.

१५. तपासणीत मुलाचा पिता वेगळाच असल्याचे दिसले तर?

मूल आणि आईवडील अशा तिघांचे नमुने एकत्र तपासताना हे कळू शकते. नंतर काय करायचे याचे चांगले उत्तर नसते, म्हणून तयारी आधी करायची असते. संमतीच्या वेळीच, दोघांसमोर, सर्वांना सांगतो त्याच सुरात सांगावे की या चाचणीतून अनपेक्षित नाते उघड होऊ शकते आणि उपचारासाठी आवश्यक नसेल तर प्रयोगशाळा ते कळवत नाही. पुढील अपत्याचा धोका सांगताना मात्र ही माहिती आड येऊ शकते. अशी केस विद्यार्थ्याने एकट्याने हाताळायची नाही, मार्गदर्शकाकडे सोपवायची.

१६. शिकताना विद्यार्थी स्वतःच वाहक निघाला तर?

गुणसूत्रांच्या प्रात्यक्षिकासाठी विद्यार्थ्यांचेच रक्त घेण्याची जुनी सवय अनेक ठिकाणी आहे. आम्ही ती बंद केली. सुमारे ५०० माणसांत एकाच्या गुणसूत्रांत संतुलित स्थानांतर, म्हणजे काही कमी-जास्त न होता तुकड्यांची झालेली अदलाबदल, असते. त्याला स्वतःला काही त्रास नसतो, पण वारंवार गर्भपाताचा धोका असतो. ही बातमी कोणाला सूक्ष्मदर्शकाखाली, सहाध्यायांच्या खांद्यावरून कळू नये. विद्यार्थ्याला स्वतःची तपासणी हवी असेल, तर त्याने दुसऱ्या केंद्रात रुग्ण म्हणून जावे. घरात आजार असलेल्या विद्यार्थ्याला त्याच आजाराच्या ओपीडीतून काही काळ सूट मागता येते, आणि त्याचे कारण सांगावे लागत नाही.

१७. ‘अनिश्चित महत्त्वाचा बदल’ असा रिपोर्ट आला आणि दोन वर्षांनी त्याचा अर्थ बदलला, तर कळवायचे कोणी?

जनुकातील बदल २०१५ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित महत्त्वाचा, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी अशा पाच गटांत बसवले जातात. मधल्या गटावर कोणताही मोठा वैद्यकीय निर्णय घेऊ नये. विशेषतः त्या आधारावर गर्भपात किंवा शस्त्रक्रिया सुचवू नये. अर्थ बदलल्यास प्रयोगशाळा सुधारित रिपोर्ट डॉक्टरांना पाठवते, पण तोवर डॉक्टर बदललेले असतात आणि विद्यार्थी केव्हाच पदवी घेऊन गेलेला असतो. म्हणून ‘वर्षातून एकदा आम्हाला फोन करा’ असे रुग्णाला लिहून द्यावे आणि फाइल पुन्हा सापडेल अशी ठेवावी. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते, आणि मोबाइल क्रमांक तर पतीचाच दिलेला असतो. तेव्हा फाइलीच्या पहिल्या पानावर माहेरचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि तिच्या संमतीने माहेरचा एक क्रमांक लिहून घ्यावा.